बाकड्यावरचे सर्जन

आमच्या एंडोस्कोपी विभागात सर्जन लोक सहसा येत नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या येतात. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, 'पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पित्तगळती, पुढील उपचारासाठी पाठवत आहे.' गळती कुणाच्या हातून झाली हे त्यात नसतं. जणू पित्तच कंटाळून आपणहून बाहेर पडलं. पेशंट स्ट्रेचरवरून येतो, पोटातून निघालेल्या नळीला पिशवी लावलेली असते, पिशवीत हिरवट पिवळं पाणी असतं, आणि मागून भांबावलेले नातेवाईक येतात. पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. या विभागाची इन्चार्ज सिस्टर म्हणून मी इतकी वर्षं काढली की त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. डॉक्टर मिठबावकर आले नसते तर पुढेही वाटलं नसतं.

ते अॅम्ब्युलन्समधून उतरले ते ती पिशवी हातात धरूनच. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, साठीला टेकलेले. शर्ट चुरगळलेला, पायांत ऑपरेशन थिएटरमधल्या रबरी चपला तशाच. मला वाटलं, पेशंटचे थोरले भाऊ असतील. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "काका, पिशवी खाली धरा. वर धरली तर सगळं परत पोटात जाईल." ते मुकाट्यानं "हो सिस्टर" म्हणाले आणि पिशवी खाली धरून स्ट्रेचरबरोबर चालू लागले. आमच्या मुकादम मॅडम, म्हणजे दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टर, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही स्वतः?" तेव्हा मला कळलं की मी कुणाला शिकवत होते. मी जरा ओशाळले, पण त्यांच्या ते गावीही नव्हतं.

घणसोली गावाच्या तोंडाशी त्यांचं छोटं नर्सिंग होम होतं. रबाळ्याच्या कारखान्यांतले कामगार आणि गावठाणातली आगरी घरं, हीच त्यांची गिऱ्हाइकं. हर्निया, अपेंडिक्स, मूळव्याध, पित्ताशयातले खडे. पंचवीसेक वर्षं तो माणूस तिथे पोटं उघडत आणि शिवत आला होता आणि गावात कुणाच्या तोंडून त्यांच्याबद्दल वाईट ऐकायला मिळत नव्हतं. स्ट्रेचरवर होती ती सुगंधा म्हात्रे. घणसोलीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. पोटात खडे झाले म्हणून यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. काढताना चिमटा चुकीच्या जागी बसला आणि पित्ताशयाशेजारची मुख्य पित्तनलिका एका बाजूनं फाटली. यकृतातलं पित्त आतड्यात जायच्या ऐवजी पोटात सांडू लागलं.

तिचा नवरा जनार्दन रबाळ्याच्या एका रबर कंपनीत मशीनवर होता. त्याला आम्ही बाकड्यावर बसवलं आणि मॅडम समजावून सांगू लागल्या. मॅडम फार जपून बोलतात. त्या म्हणाल्या, "कधी कधी अशा ऑपरेशनमध्ये नलिकेला इजा होऊ शकते." मिठबावकर सर मध्येच म्हणाले, "होऊ शकते नाही. झाली. माझ्या हातून झाली. जनार्दनराव, चूक माझी आहे."

त्या पॅसेजमध्ये इतर पेशंटही होते. एक बाई डबा उघडत होती, ती तशीच थांबली. मॅडमनी सरांना बाजूला घेतलं. "सर, असं बाहेर बोलू नका हो. उद्या तुमच्याच अंगाशी येईल."

"मग कुठे बोलू?" ते म्हणाले. "आत सगळे डॉक्टरच आहेत. त्यांना सांगून काय उपयोग?"

जनार्दननं त्यांना शिवी दिली नाही, अंगावर धावला नाही. आम्ही खरं तर त्याच तयारीत होतो, मी वॉचमनला खूणसुद्धा केली होती. जनार्दन फक्त बाकड्यावर फिरून बसला, त्यांच्याकडे पाठ करून. आणि सर त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. जवळजवळ वर्षभर ते तिथेच बसले असं म्हटलं तरी चालेल.

त्या पहिल्या खेपेला मॅडमनी तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत रंग सोडला. स्क्रीनवर तो यकृताकडून खाली येता येता एका जागी बाहेर झिरपताना दिसला. नलिका पूर्ण तुटली नव्हती हे सुगंधाचं नशीब. तुटली असती तर पुन्हा पोट उघडून मोठं ऑपरेशन करावं लागलं असतं. मॅडमनी आत एक बारीक प्लास्टिकची नळी बसवली, म्हणजे स्टेंट, की पित्त त्यातून खाली जावं आणि फाटलेली जागा भरून यावी. पण ती जागा भरताना आक्रसते. म्हणून दर तीन महिन्यांनी जुनी नळी काढायची, आणि एकीच्या जागी दोन, दोनांच्या जागी तीन अशा नळ्या शेजारी शेजारी घालत नलिका रुंद करत न्यायची. वर्षभरानं सगळ्या काढायच्या आणि बघायचं, उघडी राहते का. बहुतेकांची राहते. काहींची पुन्हा मिटते. कुणाची मिटेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि मॅडम कधी तसा आव आणतही नाहीत.

सरांनी त्याच दिवशी मॅडमना सांगितलं, "हिची शेवटची नळी निघून नलिका उघडी दिसेपर्यंत मी पित्ताशयाला हात लावणार नाही." मॅडम म्हणाल्या, "सर, एवढ्या वर्षांत एकदा झालं. सगळ्यांच्या हातून होतं." ते म्हणाले, "सगळ्यांच्या हातून काय होतं ते सगळ्यांनी बघावं. मला माझं बघायचंय."

डॉक्टर मंडळींसाठी आमच्याकडे वेगळी खोली आहे. एसी आहे, कॉफीचं मशीन आहे, सोफा आहे. मी दर वेळी त्यांना सांगायची, "सर, आत बसा ना, तिथे गार आहे." ते मान हलवायचे आणि बाकड्यावर बसायचे. मॅडमनी एकदा दुर्बिणीच्या खोलीत यायचा आग्रह केला, स्क्रीनवर सगळं दिसतं, स्वतः सर्जन आहात, बघा तरी. त्यावर म्हणाले, "आत मला काम नाही. माझं काम झालंय." हे ते रागानं किंवा स्वतःला दोष देत म्हणाले नाहीत. सर्दी झालीय म्हणावं तसं म्हणाले.

एका पेशंटला आमच्याकडे एकच पास मिळतो. तो जनार्दनकडे असायचा. त्यामुळे सरांना खाली वॉचमनशी दर वेळी वाद घालावा लागायचा. वॉचमन विचारायचा, "पेशंटचे तुमी कोन?" डॉक्टर म्हटलं असतं तर त्यानं सलाम ठोकून सोडलं असतं, पण ते म्हणायचे, "ओळखीचे." ओळखीच्यांना भेटायची वेळ संध्याकाळी, असं तो सांगायचा. मग मी वरून फोन करून सोडायला लावायची. "सर, सरळ डॉक्टर आहे म्हणून सांगत जा की," मी एकदा वैतागून म्हटलं. ते म्हणाले, "सांगितलं की तो उठून उभा राहतो. मला तेवढं सहन होत नाही सध्या."

त्यांची बसण्याची एक तऱ्हा होती. पाठ टेकवायची नाही, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायचे. एखाद्या पोरानं आईला 'बघ, हात धुतले' म्हणून दाखवावेत तसे. शेजारच्या नातेवाइकांशी मात्र ते लगेच बोलायला लागायचे. गाव कुठलं, पेशंटला काय झालंय, खडा केवढा, जेवलात का. ऐरोलीच्या आयटी कंपनीतला एखादा मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असला तर त्यालासुद्धा सोडायचे नाहीत. तो बिचारा एका कानानं मीटिंग ऐकायचा आणि दुसऱ्या कानानं सरांना सांगायचा की पप्पांना शुगर आहे. पेशंटला नळी घालणार तर आत काय होणार, किती दुखणार, शुद्धीवर आल्यावर घसा का खवखवतो, हे सर त्यांना इतकं नीट सांगायचे की आमचं निम्मं काम कमी व्हायचं. फक्त ज्या माणसाशी त्यांना बोलायचं होतं तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेला असायचा.

सुगंधा तशी नव्हती. ती बोलकी, हसरी. गुंगीच्या इंजेक्शनाआधीही तिचं तोंड चालू असायचं. "सिस्टर, ती नळी घालताय तं चांगली बघून घाला, बाजारातली घेऊ नका." स्ट्रेचर बाकड्यासमोरून जाताना ती हात वर करून "डाक्तर, जेवलाव का?" असं विचारायची. सर उठून उभे राहायचे. मला वाटायचं, या बाईनं यांना कधीच माफ करून टाकलं आहे, राहिलाय तो नवराच.

त्यांच्या धंद्यातल्या लोकांनी मात्र त्यांना माफ केलं नाही. चुकीबद्दल नव्हे, बोलण्याबद्दल. त्यांचे एक जुने मित्र, वाशीकडचे मोठे सर्जन, एकदा त्यांच्या फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडत होते की मला पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. "अरे, तू चूक कबूल करत सुटलास तर उद्या प्रत्येक पेशंट आमच्या छाताडावर बसेल. वेड लागलंय का तुला?" सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी येतोयस ना कॅरमला?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण पुढे त्यांच्या बोलण्यात कॅरम कधी आला नाही.

हळूहळू नर्सिंग होम रिकामं पडत गेलं. गावात बातमी पसरली होती आणि ती त्यांनीच पसरवली होती. पित्ताशयाच्या पेशंटला ते स्वतःच दुसरीकडे पाठवायचे, आणि का पाठवतोय हेही सांगायचे. मग हर्नियावाला पेशंटही विचारात पडायचा. एका दुपारी दुर्बिणीची खोली साफ होईपर्यंत मी बाकड्यापाशी उभी होते, तेव्हा त्यांनी मला घरचं सांगितलं. बायको कोल्हापूरला वडिलांच्या आजारपणासाठी गेली होती. वडील बरे झाले, ती तिथेच राहिली. "भांडण वगैरे काही नाही हो," ते म्हणाले. "ती गेली आणि राहिली. फोनवर आम्ही फार चांगलं बोलतो. शेगडीला दोन बर्नर आहेत, एकच पेटतो, एवढंच." मग जरा थांबून म्हणाले, "इथे बरं वाटतं. शेजारी कुणीतरी असतं." हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून बरं वाटतं असं म्हणणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता, आणि मला त्यांची दया आली असं सरळ सांगते.

नळ्या दुसऱ्यांदा बदलल्यानंतर पुढच्या तारखेला सुगंधा आलीच नाही. सर येऊन बसले होते. दुपार झाली तरी म्हात्र्यांचा पत्ता नव्हता, फोन बंद. हे आमच्याकडे नेहमीच होतं. माणसाला बरं वाटायला लागलं की नळी विसरते. पण ती नळी आत राहिली की गाळानं तुंबते, पित्त अडतं, कावीळ होते, आणि मग जंतू रक्तात जाऊन माणूस हातचा जाऊ शकतो. सर माझ्यापाशी आले. "सिस्टर, तुमची ड्युटी संपली की माझ्याबरोबर याल का? मला बघून ते दार लावून घेतील."

आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून घणसोली गावात गेलो. गावठाणातल्या गल्लीत गाडी जात नाही, ती बाहेर ठेवून चालत गेलो. घरी सुगंधाची जाऊ होती. तिनं आधी आमच्याकडे बघून घेतलं आणि मग सांगितलं की सुगंधाला काविल झाली, म्हणून तिला उतारा करायला नेलंय, पनवेलकडच्या एका गावात, हात धुणाऱ्या आजीकडे. "अंगान ताप हाय क?" असं सरांनी तिच्याच बोलीत विचारलं. पंचवीस वर्षांत ती त्यांच्या तोंडी बसली होती. जाऊ म्हणाली, "हाय ना. सकालपासून हुडहुडी भरते." सरांचा चेहरा उतरला. ते गल्लीतून अक्षरशः पळत निघाले आणि मी साडी सावरत मागे.

पनवेलकडच्या त्या गावात एका अंगणात पंधरावीस माणसं बसली होती. मधे पाटावर एक म्हातारी. ती येणाऱ्याच्या हाताला कसला तरी पाला चोळायची, चुन्याच्या पाण्यात हात धुवायची, आणि पाणी पिवळं व्हायचं. कावीळ उतरली म्हणायची. मग गळ्यात एक मुळ्यांची माळ. सुगंधा भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात माळ, डोळे हळदीसारखे, दात वाजत होते. जनार्दननं सरांना पाहिलं आणि तो ताडकन उठला. मला वाटलं, आता इथे तमाशा होणार. सर त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ते सरळ रांगेत जाऊन बसले.

मला त्यांचा राग आला. बाई इथे तापानं फणफणलीय आणि हे रांग कसली धरतात? पण पुढची दोन माणसं त्यांच्याकडे बघून आपणहून बाजूला सरली. म्हातारीनं त्यांचे हात ओढून घेतले, पाला चोळला, धुतले. पाणी पिवळं झालं. "तुला पन हाय," ती म्हणाली.

"असंल," सर म्हणाले. "पन मी तिच्यासाटी आलो, आजी. तिची काविल येगली हाय. मी तिचं आपरेशन केलं, माझ्या हातून आतली नस फाटली. तिथं नली घातलीय, ती तुंबलीय. ती बदलल्याशिवाय उतरनार नाय."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं. मग हात झटकून म्हणाली, "नली तुंबली तं त्ये माझं काम नाय. घेऊन जा तिला." आणि जनार्दनला म्हणाली, "तू मना आदी का नाय सांगितलंस रं, पोटान नली हाय म्हनून?"

जनार्दननं खाली मान घातली. सर त्याच्यापाशी गेले. "माळ राहू दे तिच्या गळ्यात. पण गाडीत बसा." दोघांनी मिळून सुगंधाला उचललं. सरांनी खांद्यांकडून, जनार्दननं पायांकडून. गाडीपर्यंतच्या त्या चढाच्या वाटेवर पहिल्यांदा मी जनार्दनला त्यांच्याशी बोलताना ऐकलं. तो म्हणाला, "डाक्तर, दगड हाय, बघून."

मॅडम त्या दिवशी घरी निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या. जुन्या नळ्या काढल्या त्या काळ्या पडून गच्च भरलेल्या होत्या. मागून साचलेलं पित्त भसकन आलं. सुगंधा वाचली. बाहेर बाकड्यावर ते दोघं बसले होते, आणि मी पाहिलं तर जनार्दनची पाठ भिंतीकडे होती. तो चहाचे दोन कप घेऊन आला होता. एक त्यानं सरांच्या उताण्या हातांत ठेवला. मी उगाच आत जाऊन कपाट आवरत बसले.

त्यानंतर एकही तारीख चुकली नाही. जनार्दन आणि सर बाकड्यावर शेजारी बसायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक, बहुतेक कंपनीतलं राजकारण आणि गावातल्या नव्या टॉवरांची पार्किंगची भांडणं. घरून जनार्दन दोघांचा डबा आणायला लागला. सर स्वतः केलेली आमटी आणायचे. ती जनार्दन एकदा खायचा आणि पुढच्या वेळी म्हणायचा, "डाक्तर, तुमी आनू नका, तरास घेऊ नका." सरांना त्यातली खोच कळायची आणि ते हसायचे. मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं.

शेवटच्या खेपेला सगळ्या नळ्या निघाल्या. मॅडमनी रंग सोडला आणि आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. रंग यकृतातून खाली आला, ती जुनी जागा आली, जरा बारीक झाला, आणि सरकन आतड्यात उतरला. मॅडमनी मास्कच्या आतूनच "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. मी बाहेर पळाले आणि सरांना म्हटलं, "उघडी आहे." ते उठले, बसले, पुन्हा उठले. जनार्दननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटला हा माणूस. आता सोमवारी थिएटरमध्ये उभा राहील.

सुगंधाची गुंगी उतरल्यावर मी दोघांना आत सोडलं. ती उशीला टेकून बसली होती, आवाज बसलेला. मॅडमनी सांगितलेलं सगळं जनार्दननं तिला पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग सरांकडे बघून म्हणाली, "डाक्तर, एक बोलू क?"

"बोला ना."

"आता तुमी नका येऊ."

जनार्दन म्हणाला, "असं काय बोलतेस?"

"मी वाईट नाय बोलत," ती म्हणाली. "यांनी लय केलं. माझ्या भावानं नाय केलं तेवडं केलं. पन यांना बघलं का मना तो टेबल दिसतो. ते कापाचं पन आठवतं न ही नली पन आठवते. वर्सभर मी हसले, ते येत म्हनून हसले. आता मना विसराचं हाय. तुमी समोर आलाव तं मी कशी विसरू?"

मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी ती बरोबर आहे हेही कळलं. बरं होणं म्हणजे आम्हा सगळ्यांना विसरणं. माझं नाव तरी कुठल्या पेशंटला आठवतं.

सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नाही येणार." मग माझ्याकडे वळून अगदी डॉक्टरी आवाजात म्हणाले, "सिस्टर, यांची रक्ततपासणी वेळच्या वेळी करून घ्या. नलिका नंतरही आक्रसू शकते, वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा. खाज सुटली, लघवी गडद झाली, ताप आला, तर लगेच इथे. हे यांना पाठ करून घ्या." सुगंधाला त्यांनी नमस्कार केला. जनार्दन लिफ्टपर्यंत त्यांच्याबरोबर गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

त्यांनी पित्ताशयाची ऑपरेशनं पुन्हा सुरू केली का? मॅडमनी विचारलं होतं. ते म्हणाले, एक केलं, नीट झालं, पण पेशंट घरी जाईपर्यंत त्यांना झोप नव्हती. त्या वयात असं किती दिवस करणार? पुढच्या वर्षभरात त्यांनी नर्सिंग होम एका तरुण डॉक्टर जोडप्याच्या हवाली केलं. आमच्याकडे ते फिरकले नाहीत. सुगंधाचे रिपोर्ट यायचे, चांगले यायचे, आणि दर वेळी माझा हात फोनकडे जायचा. पण त्यांनी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी का विचारलं नाही हे मला माहीत होतं. सांगितलं असतं तर त्यांना पुन्हा त्या बाकड्यावर आणून बसवल्यासारखं झालं असतं.

मग एका रविवारी सकाळी मी घणसोलीच्या बाजारात सुकट घ्यायला गेले होते. सुगंधा आपल्या जागेवर बसली होती, टोपल्या मांडून, बोंबील, सुकट, जवळा. अंगानं भरली होती. गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडत होती. मी सुकट घेतली आणि वळले, तर रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानाच्या आडोशाला सर उभे. हातात कापडी पिशवी. आणखी वाकले होते. मला पाहून चोरी पकडली गेल्यासारखे मागे सरले. मी रस्ता ओलांडून गेले.

नमस्कार वगैरे काही नाही. त्यांनी विचारलं, "डोळे?"

"पांढरे स्वच्छ आहेत," मी म्हटलं.

"खाज?"

"नाही."

"वजन?"

"सर, सुकट घेताना वजन मी माझ्या पिशवीचं करून घेतलं, तिचं कसं करू?" मी म्हटलं. "पण वाढलंय. इथून दिसतंय की."

"हो, दिसतंय," ते म्हणाले. "इथून नीट दिसत नाही, पण तेवढं दिसतं." मग चाचरत म्हणाले, "सिस्टर, मला पावशेर सुकट आणून द्याल? मी समोर गेलो तर बरं नाही."

मी परत गेले. सुगंधा म्हणाली, "आता घेतलीस ना गो?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांना पाहिजे." तिनं सुकट तोलली, कागदात घातली, मग वर आणखी एक मूठ टाकली. पुडी बांधताना मान वर केली नाही. म्हणाली, "लसूण जास्ती घालाला सांग. एकट्यानं करून खानाऱ्याला अंदाज नसतो."

मी पुडी घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले, पण ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.

सरांना पुडी दिली. "काही म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"लसूण जास्त घाला म्हणाली."

त्यांनी पुडी दोन्ही हातांत धरली. "मला म्हणाली?"

"मग कुणाला?"

त्यांनी पुडी पिशवीत ठेवली, मला म्हणाले, "येतो." त्यांची गाडी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभी होती आणि तिकडे जायचा सरळ रस्ता सुगंधाच्या टोपल्यांसमोरून होता. ते तिकडे वळले नाहीत. औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत शिरले आणि सगळ्या गावाला वळसा घालून गेले.